झिपरीसाठी दुसरं घर शोधतेय, बोलायचं आहे

उंबरठा (धागाकर्ती)

हा धागा तीनदा लिहून खोडला. आज पाठवते.

आमची झिपरी साडेतीन वर्षांची आहे. बॉर्डर कॉली, मादी, नसबंदी झालेली, लसी सगळ्या वेळच्या वेळी. नऊ आठवड्यांची असताना घरी आणली. तेव्हा घरात आम्ही दोघं आणि साडेचार वर्षांची लेक. पहाटे आम्ही पळायला जायचो, झिपरी बरोबर. संध्याकाळी लेक घरभर वस्तू लपवायची आणि झिपरी त्या शोधून आणायची. तिला नावाने ओळखून आणता येतील अशा तीस-पस्तीस वस्तू तरी असतील.

गेल्या दीड वर्षात घरच बदललं. धाकटा झाला, आता चौदा महिन्यांचा आहे आणि चालायला लागलाय. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्या आमच्याकडे आल्या, वॉकर धरून चालतात. आणि झिपरीला घरात जे जे हलतं ते सगळं एका कोपऱ्यात गोळा करून ठेवायचं असतं. बाळ पळालं की ती मागून येऊन टाचेला दात लावते. रक्त कधी आलेलं नाही, पण लाल वळ उठतो. वॉकर सरकला की त्याच्याभोवती गोल फिरते. मागच्या महिन्यात सासूबाई पडल्या. हाड मोडलं नाही, पण आता झिपरी खोलीत असली की त्या खुर्चीतून उठतच नाहीत.

म्हणून झिपरी मागच्या खोलीत. दिवसाचे आठ-नऊ तास. तिथे ती भिंतीवरच्या उन्हाच्या कवडशांमागे पळते. पुढचा डावा पाय चाटून चाटून केस गेलेत. फिरायला नेणं दोन वेळा होतं, पण वीस मिनिटं, तेही बाळाला कडेवर घेऊन. परवा दार उघडलं तर ती उठलीच नाही, नुसती डोळे वर करून बघत राहिली. त्या नजरेनंतर मी नवऱ्याला म्हटलं, आपण हिला घर नाही देत, आपण हिला ठेवून घेतलंय.

मला ती द्यायची नाहीये. पण तिला इथे ठेवायचं कारण "मला करमणार नाही" एवढंच उरलंय की काय, असं वाटतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कसं केलंत?

---

निळी_छत्री

उंबरठाताई, वाचून घशात आवंढा आला. आधी एकच विचारते, डॉक्टरांना पाय दाखवला का? काही ठरवायच्या आधी ते.

---

कोरा_कागद

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मूल झालं, कुत्रं नको झालं, ही गोष्ट फार वेळा ऐकली आहे. स्वर्गाच्या दारात उभं राहूनही युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडलं नव्हतं. तुम्ही तिला नऊ आठवड्यांची असताना आणलंत. तिने तुम्हाला निवडलं नव्हतं, तुम्ही तिला निवडलंत. ट्रेनर लावा, माणूस ठेवा, घराची मांडणी बदला. जीव म्हणजे कपाट नव्हे, घरात मावत नाही म्हणून दुसऱ्याला द्यायला.

---

उंबरठा

निळी_छत्री, हो, दाखवला. त्वचेचा आजार नाही, सांध्यात दुखणं नाही, रक्त तपासलं. कंटाळा आणि ताण यातून चाटते असं डॉक्टरांचं म्हणणं.

कोरा_कागद, राग नाही आला. यातलं प्रत्येक वाक्य मी स्वतःला ऐकवलंय. ट्रेनर चार महिने होता. बाळासाठी जाळीचं दार आहे. फिरवायला एक मुलगा ठेवला होता, तो आठवड्याला दोनदा दांडी मारायचा. आई-वडिलांकडे ठेवून पाहिली, वडिलांना ती आवरत नाही. जे राहिलं असेल ते सांगा, खरंच करीन.

---

शिट्टी

मी वीस वर्षं कुत्र्यांना शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर.

ताई, ती चावत नाहीये, ती काम करतेय. या जातीची सगळी घडण मेंढ्यांसाठी झाली. १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानतात. त्याची ख्याती हीच, की तो न भुंकता नुसत्या नजरेने कळप हलवायचा. टक लावणं, दबा धरणं, वळसा घालून पुढे येणं, आणि कुणी ऐकलंच नाही तर टाचेला हलका दात. तुमचं बाळ आणि सासूबाईंचा वॉकर तिच्या लेखी कळपातून फुटलेली मेंढरं आहेत. रागावून हे थांबत नाही. दाबलं की दुसरीकडून फुटतं, आणि ते कवडशांमागे पळणं म्हणजे तेच. (कुणी खेळ म्हणून तिला लेझरचा ठिपका दाखवत असेल तर आजच्या आज बंद करा. या जातीत ते वेडापर्यंत जातं.)

वस्तूंची नावं ओळखते लिहिलंत. चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीने १,०२२ खेळण्यांची नावं शिकली होती, २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. असं डोकं बंद खोलीत आठ तास म्हणजे काय होत असेल, तुम्हीच लिहिलंय.

कोरा_कागद म्हणतात ते सगळं करून पाहावं, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण चार महिने मनापासून केलेल्याला "आणखी करा" म्हणताना पुढचं वर्ष त्या खोलीत कोण काढणार, हेही बघायला हवं. बाळ पळायचं थांबणार नाही. पुढची चार वर्षं ते जास्तच पळणार आहे.

---

टाके_घालणारी

पशुवैद्य आहे. शिट्टींशी सहमत. एक भर घालते. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला, किंवा केवळ घर बदलतंय म्हणून द्यायला निघालेल्यांना मी बहुतेकदा थांबवते, कारण तिथे वाट निघते. इथे प्रश्न वेगळा आहे. दोन दुबळी माणसं आणि एक कामाचं जनावर एका छताखाली, आणि तिघंही घाबरलेली. पडलेल्या सासूबाईंचं पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडलं, तर झिपरीकडे घरातलं कुणी मायेने बघेल का? तिची ओळख "आजीला पाडणारी" अशी होण्याआधी ती चांगल्या नावाने जाऊ द्या.

---

उंबरठा

टाके_घालणारी, तुमचं शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

ठरवलंय. पण ती मला विसरेल याची भीती वाटते, आणि विसरणार नाही याची त्याहून जास्त.

---

रानवाट

मी अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पिल्लं वाढवली आहेत, चार. साधारण दोन महिन्यांचं पिल्लू येतं, वर्ष-सव्वा वर्ष घरात लेकरासारखं राहतं, मग शिकायला जातं आणि तिथून ज्याला त्याची गरज आहे त्याच्याकडे. निवृत्त झालं की पुन्हा आणखी एक घर. म्हणजे एका आयुष्यात तीन-चार वेळा माणसं बदलतात, आणि ती कुत्री मोडत नाहीत. पहिलं पिल्लू गेलं तेव्हा मी आठवडाभर त्याचं भांडं उचललं नव्हतं. दोन वर्षांनी त्याला पाहिलं, एका बाईंच्या गुडघ्याला टेकून उभं होतं. मला ओळखलं, शेपूट हलवलं, हात चाटला आणि परत तिच्या गुडघ्यापाशी जाऊन उभं राहिलं.

विसरण्याबद्दल. डार्विन पाच वर्षं आणि दोन दिवसांनी जगप्रवासाहून परतला, तेव्हा त्याने मुद्दाम आपल्या कुत्र्याची परीक्षा घेतली. तबेल्याजवळ जाऊन जुन्यासारखी हाक मारली. कुत्रा आनंदाने नाचला-बिचला नाही, पण अर्ध्या तासापूर्वीच भेटल्यासारखा उठून त्याच्या मागे फिरायला निघाला. आठवण राहते. आणि नवं माणूसही लागतं. हंगेरीतल्या संशोधकांनी २००१ साली निवाऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांवर पाहिलं, एकाच माणसाशी दहा-दहा मिनिटांच्या तीन भेटी झाल्या तरी कुत्री त्याच्याकडे "आपलं माणूस" म्हणून बघायला लागली. मायेची भूक एवढी असते. म्हणून तर कुणाच्या हातात देतोय ते फार महत्त्वाचं.

---

निळी_छत्री

रानवाट, त्या गुडघ्याच्या ओळीपाशी थांबले. धन्यवाद.

---

शिट्टी

आता कामाचं. "प्रेमळ घराला फुकट देणे आहे" अशी जाहिरात कुठेही टाकू नका. तिला जे लोक भुलतात त्यात पिल्लं काढणारे आणि पुढे विकणारे असतात. झिपरीची नसबंदी झालेली आहे हे चांगलं, ते पहिल्याच ओळीत लिहा, निम्मे आपोआप गळतील.

तिचं वर्णन करताना खोड आधी, गुण नंतर. टाचेला दात लावते, वॉकरला वळसा घालते, कवडशांमागे पळते, पाय चाटते, सगळं. गुरगुरते का, कधी, कुणावर? खाताना हात घातला तर काय करते? लपवलेली खोड नव्या घरात आठवड्याभरात बाहेर येते, आणि मग ती परत येते किंवा तिसऱ्याच दारात जाते. खरं ऐकून जो मागे हटला तो तिचा नव्हताच.

आणि त्यांच्या घरी जा. फोटोवर भागवू नका. कुंपण हाताने हलवून बघा.

---

उंबरठा

(अकरा दिवसांनी)

तीन जण येऊन गेले, ते सांगते.

पहिले गृहस्थ चांगले होते, पण बोलता बोलता कळलं की राखणीला हवी आहे, दिवसभर साखळीला. नाही म्हटलं.

दुसरं कुटुंब. फोनवर गोड, घाई फार. "आजच घेऊन जातो, पट्टा आणलाय." त्या दिवशी बाळाला ताप होता, सासूबाईंची रात्र जागून काढली होती, झिपरी मागे भुंकत होती. मी "हो" म्हणायच्या बेतात होते. खरंच होते. इतक्यात लेकीने त्यांना विचारलं, "तुमची आधीची कुत्री कुठेय?" ते गप्प झाले, मग म्हणाले, दिली. त्याच्या आधीची? तीही दिली. मी दार लावलं आणि आत येऊन रडले. थकलेलं माणूस काय करून बसेल, याचा मला त्या दिवशी धडा मिळाला.

तिसरे आमच्या डॉक्टरांच्या ओळखीतले. नवरा-बायको, पंधरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा शांत नर कुत्रा. बाई घरूनच काम करतात. मुलगी कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा सराव करते, म्हणजे उड्या, बोगदा, खांबांतून नागमोडी पळणं. मोकळी जागा आहे, कुंपण मी हलवून पाहिलं. खोडी वाचून दाखवल्यावर ती मुलगी म्हणाली, "कवडशांचं आपण वासाच्या खेळावर वळवू शकतो." मी झिपरीला एकही खूण केली नव्हती, आणि झिपरी तिच्या समोर बसली, टक लावून.

दोनदा भेटी झाल्या, एकदा मोकळ्या मैदानावर त्यांच्या कुत्र्यासोबत. पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे जायचंय. काय काय बरोबर देऊ?

---

टाके_घालणारी

लसीची आणि तपासण्यांची सगळी कागदपत्रं. पायाचे फोटो तारखांसह, म्हणजे बरं होतंय की वाढतंय ते कळेल. दोन आठवडे पुरेल एवढं तिचं नेहमीचं खाणं. खाणं बदलायचं असेल तर ते पंधरवड्यानंतर, हळूहळू आठ-दहा दिवसांत. घर आणि खाणं एकदम बदललं की पोट बिघडतं, आणि लोकांना वाटतं कुत्रं आजारी दिलं.

मायक्रोचिप असेल तर एक लक्षात ठेवा. चिपमध्ये फक्त पंधरा आकडी क्रमांक असतो, तुमचं नाव-पत्ता नोंदवहीत असतो. ती नोंद बदलली नाही, तर उद्या ती हरवून सापडली की फोन तुम्हाला येईल.

---

शिट्टी

तिची चादर, न धुता. तुमच्या वासाची. धुऊन, घडी करून नेऊ नका, चांगल्या मनाने सगळे तिथेच चुकतात.

पहिले काही दिवस पळून जाण्याचे असतात. छातीचा पट्टा आणि गळ्यातला पट्टा, दोन्हींना वेगळी दोरी. घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून गळपट्ट्यातून सटकतं. कुंपण कितीही चांगलं असो, पहिले तीन-चार आठवडे मोकळं सोडायचं नाही.

त्यांना सांगा, पहिले तीन दिवस ती भांबावलेली असेल, तीन आठवड्यांत दिवसाचा क्रम कळेल, तीन महिन्यांनी ती स्वतःसारखी वागेल. ढोबळ हिशेब आहे, पण पहिल्या आठवड्यात "ही खातच नाही, उदास आहे" म्हणून घाबरणाऱ्यांना धीर येतो. खऱ्या खोडीही बऱ्याचदा तिसऱ्या आठवड्यानंतर दिसतात.

एक साधा कागद करा. काही कारणाने नाही जमलं तर ती आधी तुमच्याकडे परत येईल, परस्पर कुणाला द्यायची नाही. दोघांच्या सह्या. चांगली माणसं या कागदावर रागावत नाहीत.

---

रानवाट

भेटायला कधी जावं यावर माझं आणि शिट्टींचं कदाचित जमणार नाही. माझ्या मते पहिले दोन-तीन महिने जाऊ नये. फोटो मागवा.

---

शिट्टी

नाही जमत :) मी तीन आठवड्यांनी गेलेलं पाहिलंय, काही बिघडलं नाही. पण कुत्रं बघून ठरवावं, आणि त्याहून जास्त नव्या घरातल्या माणसांना विचारून.

---

कोरा_कागद

परत आलो. पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण तो कुठून आला ते सांगायला हवं.

मी दहा वर्षांचा होतो. शाळेतून आलो, पायरीवर कुत्रा नव्हता. आईने सांगितलं, शेतावर दिलाय, तिथे मजेत आहे. कुणाच्या शेतावर, ते कधीच सांगितलं नाही. मी कित्येक महिने रस्त्याने जाताना त्याच्या रंगाचं कुत्रं दिसलं की हाक मारायचो. आज पन्नाशीला आलोय आणि अजून मला माहीत नाही की ते शेत होतं की नव्हतं.

तुमची लेक आठ वर्षांची आहे. तिला मागच्या सीटवर बसवून न्या. ते घर, ती मुलगी, तो दुसरा कुत्रा, झिपरी कुठे झोपणार ती जागा, सगळं तिच्या डोळ्यांनी बघू द्या. रडेल. रडू द्या. पण तिला शेत शोधत फिरायला लावू नका.

---

उंबरठा

कोरा_कागद, आम्ही लेकीला न्यायचं नाही असंच ठरवलं होतं. तिला त्रास नको म्हणून. तुमचं वाचून बदललं. मनापासून आभार.

तिला एक वही दिली आहे, झिपरीचे शब्द लिहायला. "पिवळं" म्हणजे चेंडू, "आत्या" म्हणजे रबरी बदक (का, ते कुणालाच आठवत नाही), "हळू" म्हटलं की पायऱ्यांवर थांबते. बेचाळीस झाले. आम्हाला तीस-पस्तीस वाटत होते.

---

उंबरठा

(शनिवारी रात्री)

देऊन आलो.

लेकीने वही त्या मुलीला दिली आणि एकेक शब्द वाचून झिपरीकडून करून दाखवला. एक तास तेच चाललं होतं. निघताना आम्ही लपून निघालो नाही, शिट्टींनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे साधं "येते" म्हणून निघालो. ती कुंपणापर्यंत आली. गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर सासूबाई वॉकर घेऊन स्वतः उठल्या, मागच्या खोलीपर्यंत गेल्या आणि तिथे उभं राहून रडल्या. त्यांनाही तिचा लळा होता, हे मला माहीतच नव्हतं.

---

निळी_छत्री

तुम्हाला आणि लेकीला खूप खूप माया.

---

उंबरठा

(पाच आठवड्यांनी)

बातमी द्यायची राहिली होती. पहिले दोन दिवस खाल्लं नाही, चादरीवर पडून होती. तिसऱ्या रात्री त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी जाऊन झोपली. आता रोज सकाळी तासभर पळते, दुपारी वासाचे खेळ, संध्याकाळी बोगदा आणि उड्या. पायावर केस यायला लागलेत, फोटो टाके_घालणारींना पाठवलाय. कवडशांमागे अजून पळते, पण हाक मारली की थांबते. आमच्याकडे थांबत नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांना कळत नव्हती. रोज रात्री दिवा मालवायच्या वेळी ती मुलीच्या पलंगाशी येते, हनुवटी कडेला टेकवते आणि उभीच राहते. पाणी नको, बाहेर जायचं नाही, खाऊ नको. वही सगळी चाळली, काही सापडलं नाही. त्यांनी मला विचारलं. मलाही माहीत नव्हतं.

लेकीला विचारलं तर ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, एक शब्द तिने वहीत लिहिला नव्हता, तो आमचा दोघींचा होता. रोज झोपताना ती झिपरीच्या कानात "उद्या" म्हणायची, मग झिपरी जाऊन झोपायची. मी काहीच सुचवलं नाही. दोन दिवसांनी तिनेच माझा फोन मागितला आणि त्या मुलीला सांगितलं. आता तिकडे "उद्या" म्हटलं की ती झोपायला जाते.

चिपची नोंद काल बदलली. त्या पानावर किती तरी वेळ बसून होते.

---

कोरा_कागद

वाचलं. लेकीला माझा नमस्कार सांगा.

---

पाऊलवाट_नवी

नवीन आहे इथे, आख्खा धागा एका बैठकीत वाचला. आमच्याकडे दोन वर्षांचा हस्की आहे. मी आजारी असते, नवरा कामानिमित्त बाहेर. द्यावा का, हे कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं.

---

उंबरठा

पाऊलवाट_नवी, आधी थोडं सांगा. दिवसातले किती तास तो एकटा असतो? एकटा असताना काय करतो? शक्य असेल तर फोन ठेवून दिवसभराचं चित्रण करा, आम्ही केलं तेव्हाच कळलं. फिरवायला रोजचं खात्रीचं माणूस मिळालं तर प्रश्न सुटेल, की तरीही उरेल? आणि डॉक्टरांना दाखवलाय का? हे इथे लिहा, किंवा व्यनि करा. मी रात्री दहानंतर असते, बाळ झोपल्यावर.